बापूंच्या गाडीची काच

पार लांबून येणारा माणूस बापू नुसत्या चालीवरून ओळखायचे. सकाळच्या धुरकट उजेडात आम्हाला रस्त्यावर एक ठिपका हलताना दिसायचा आणि बापू स्टिअरिंगवरचा हात न उचलता सांगायचे, "तुमचा शिपाई चाललाय बगा. आज डावा पाय वढायलाय, वात धरला दिसतोय." गाडी जवळ जायची तेव्हा खरंच आमच्या शाळेचा शिपाई असायचा आणि खरंच लंगडत असायचा. त्याला गाडीत घेतलं की बापू आधी पायाची चौकशी करायचे. तो चकित होऊन विचारायचा, "तुमाला कोन सांगितलं?"

"तूच सांगितलास की. मघापून सांगायलास."

आम्ही पाच शिक्षक परभणीत राहायचो आणि पिंगळीच्या पुढे, आत असलेल्या एका गावच्या शाळेत रोज जाऊन-येऊन नोकरी करायचो. असं अप-डाऊन करणाऱ्या मास्तरांवर गावाचा राग असतो आणि तो काही अगदीच खोटा नसतो. पण एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यांची कधी गाठच पडली नाही, म्हणून आम्ही बापूंची जुनी पांढरी जीप महिन्यावर लावली होती. बापूंनी उमेदीची सगळी वर्षं सेलूच्या एका जिनिंगच्या ट्रकवर काढलेली. कापसाच्या गाठी वाहून वाहून कंटाळले तेव्हा ही जीप घेतली. "गाठी बोलत न्हाईत," म्हणायचे, "मास्तर लोक लय बोलतेत. रस्ता सरतोय कवा ते कळत न्हाई."

रोज आम्ही चौकात पोचायच्या आधी बापू गाडीची पुढची काच पुसून घ्यायचे. आधी ओलं फडकं, मग जुना पेपर, मग शर्टाची बाही. बाकी गाडी धुळीने माखलेली असली तरी त्यांना चालायची, दरवाजे दोरीने बांधलेले असले तरी चालायचे, पण काचेवर बोटाचा ठसा दिसला की ते कासावीस व्हायचे. "गाडीला दोनच गोष्टी लागतेत बाई. एक बिरेक आन् एक काच. इंजिनाचं काय, ते नसलं तर बैलंबी वढतेत." आमचे देशमुख सर त्यांच्या शेजारी बसायचे आणि पिंगळी यायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. बापू कोपराने ढोसून त्यांना उठवायचे. "सर, म्होरं बसणारानं झोपायचं न्हाई. तुमची झोप मला लागती." सरांना पुढच्या जागेची हौस होती, झोपेचीही होती. ते दोन्ही करत राहिले आणि बापू ढोसत राहिले.

मग एका सकाळी खडी वाहणारा टिपर आमच्या पुढे होता. रस्त्याचं काम चालू होतं. टिपरच्या चाकातून खडा उडाला आणि काचेवर डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, टणकन बसला. तिळाएवढा टवका उडाला, बाकी काही नाही. आम्ही म्हणालो, वाचलो. बापूंनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून त्या टवक्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "काचंचं तडकणं घरातल्या भांडणासारखं असतंय. एकदा सुरू झालं की थांबत न्हाई." थंडीचे दिवस होते. रात्री गारठा, दुपारी ऊन. त्या तिळातून एक रेघ निघाली आणि आठवड्याभरात वाकडीतिकडी होत काचेच्या मध्यापर्यंत आली.

त्याच सुमाराला बापूंच्या गाडीची डावी चाकं खड्ड्यात जाऊ लागली. पूर्वी कधी जायची नाहीत. एकदा डाव्या बाजूने येणारी सायकल त्यांना अगदी ऐनवेळी दिसली. बापू स्वतःवरच चिडले. "ही तडक मदी येतीया. त्या कडंचं काय दिसंना गेलंय." आम्हालाही ते पटलं. तडक डावीकडे होती आणि चुकाही डावीकडेच होत होत्या. दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. देशमुख सर म्हणाले, "बापू, आता काच बदलून टाका. आम्हालाही लेकरंबाळं आहेत."

परभणीत बापूंच्या ओळखीचा सलीम नावाचा काचवाला होता. रविवार होता, मी बाजाराला निघाले होते, वाटेत बापू दिसले म्हणून थांबले. सलीम त्यांना समजावत होता. कंपनीची काच नांदेडहून मागवावी लागेल, मॉडेल जुनं आहे, कधी येईल सांगता येत नाही. लोकल काच मात्र आत्ता दुकानात तयार आहे. बापूंनी त्या लोकल काचेचे चारही कोपरे निरखून पाहिले. कंपनीचा शिक्का कुठेच नव्हता.

"सलीम, ही सावत्र हाय रे."

"बापू, काच म्हणजे काच. कंपनीवाले काय सोन्याची बनवतेत?"

शेवटी नांदेडची काच मागवायला सांगून बापू तोवर हिलाच हो म्हणाले, कारण सोमवारी आम्हाला शाळेत न्यायचं होतं. जुनी काच निघाली तेव्हा गाडीचं तोंड बोळकं झाल्यासारखं दिसायला लागलं. नवीन काचेला रबर चढवलं, रबराच्या खाचेत दोरी भरली. सलीम आतून दोरी हळूहळू ओढत गेला आणि बापू बाहेरून दोन्ही तळवे काचेवर दाबून उभे राहिले. दुकानात दुसरी माणसं होती, पण ते काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही.

नवी काच स्वच्छ होती. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. बापू मात्र दोन दिवसांत कुरकुरायला लागले. "हिच्यात लाटा हायेत. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभवती रंगाचं कडं दिसायलंय. डोस्कं धरतंय माझं." सलीमने एक शब्द न बोलता दुसरी लोकल काच बसवून दिली. त्या काचेतही लाटा होत्या. बापूंचा वेग उतरला. ते मान डावीकडे पूर्ण वळवून बघायला लागले, कोंबडी बघते तशी. आणि बोलायचे कमी झाले. समोरून कोण येतंय हे आता आम्हीच सांगायला लागलो होतो आणि ते "हां, हां, दिसला मला" म्हणायचे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर बापू पाणी प्यायला हापशावर गेले होते. मी गाडीत लवकर येऊन बसले होते. सहज म्हणून पुढे सरकून त्यांच्या जागेवर बसले आणि काचेतून पाहिलं. समोर रस्ता होता, विजेचे खांब होते, बांधावर एक बाभूळ होती. खांब सरळ होते. मी डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं, वाकून पाहिलं. कुठे एक लाट नव्हती. बापू बाही तोंडावर फिरवत परत येत होते. मी म्हणाले, "बापू, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" ते हसले. "बाई, डोळ्याला काय धाड भरली? दोष काचंचा हाय. नांदेडची आली की बगा तुमी."

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. शाळेकडे जाताना, लख्ख उजेडात. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई, सुमनबाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेने चालली होती. मला ती बऱ्याच लांबून दिसत होती. शेजारच्या मॅडमनाही दिसत होती. देशमुख सर जागे होते. बापू आता गाडी उजवीकडे घेतील, आता घेतील, असं प्रत्येकाला वाटत होतं. सर ओरडले तेव्हा उशीर झाला होता. गाडीचा आरसा भाऱ्यात अडकला आणि सुमनबाई भाऱ्यासकट रस्त्याकडेच्या चारीत पडली.

आम्ही तिला उठवलं. मनगट मोडलं होतं, बाकी वाचली. बापू रस्त्यावर उभे होते आणि एकच विचारत होते, "ही आली कुठून? ही मदीच कुठून आली?" सुमनबाई हात पोटाशी धरून कण्हत होती. ती रागावली नाही, तिने शिव्या दिल्या नाहीत. ती फक्त म्हणाली, "बापू, म्या तर कवापून तुमच्या म्होरंच चालायले की."

बापूंनी आमच्याकडे पाहिलं. देशमुख सर वाकून रस्त्यावर सांडलेलं गवत गोळा करायला लागले.

सुमनबाईच्या हाताला प्लॅस्टर घालून झाल्यावर आम्ही बापूंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांच्या बायकोला, काकूंनाही बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि समजावून सांगितलं: डोळ्याच्या आतला दाब वाढून मागची नस सुकत गेली आहे. कडेची नजर आधी जाते, माणसाला कळतसुद्धा नाही. डाव्या डोळ्याची बहुतेक गेली, उजव्याचीही बरीच गेली. "याला काचबिंदू म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

बापूंचा चेहरा एकदम उजळला. तो चेहरा मला अजून विसरता येत नाही. "काचबिंदू? म्हंजी काचंचंच हाय ना? मी कवापून सांगायलोय ह्यांना. मग बदला की डाक्टर. आमच्या साडूला बशिवली तसली नवी काच. दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागला गडी."

"तो मोतीबिंदू, बापू. त्यात भिंग बदलता येतं. यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची, रोज थेंब घालायचे. आणि गाडी आजपासून बंद."

घरी परतताना गाडी देशमुख सरांनी चालवली. बापू शेजारी बसले. चौकात सिग्नल लागला, कोणी आडवं आलं, की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा. काकू मागे माझ्याजवळ बसल्या होत्या, त्यांनी पदर दातात धरून ठेवला होता. मूल एकच, मुलगी, जालन्याला दिलेली. घरात ही दोघंच.

वाटलं होतं, इथे हे संपलं. पण पंधरवड्याने बापूंचा फोन आला. आवाजात जुनी उभारी होती. "बाई, नांदेडहून काच आलीया. सलीम बशिवतो म्हनायलाय. तुमी याच." मी शाळा सुटल्यावर गेले. काच बसवून झाली होती. सलीमने मला बाजूला घेतलं. "मॅडम, मी नक्को म्हटलं, लई समजावलं. ऐकंना गेले. म्हणे एकदा बगू दे, मग मला जे सांगाल ते मान्य." सांगताना त्याचेच डोळे भरले होते.

बापूंनी नवीन काच पुसली. ओलं फडकं, पेपर, बाही. मग ते आत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, मोटारसायकली जात होत्या, शाळेतून परतणाऱ्या मुलींचा घोळका गेला. बापूंनी मान हलवली नाही. बराच वेळ तसेच बसले. आम्ही दोघं बाहेर उभे होतो. शेवटी त्यांनी डावा हात पुढे करून काचेला नुसता लावला. "सलीम, काच चांगली हाय रे," ते म्हणाले. "लय चांगली हाय." मग पायाने चाचपत खाली उतरले, सलीमचा हात शोधून त्यात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "कुनाला लागली तर दिऊन टाक."

गाडी गेली. आम्ही पाच जण वेगवेगळ्या वाटांनी शाळेला जायला लागलो. बापूंनी मात्र थेंबसुद्धा सोडून दिले, असं काकू एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. "म्हणतेत, चार दिवस आदी काय आन् मागून काय. मी धरून घालते, तर डोळे मिटून घेतेत लेकरावानी. दिवसभर भिताडाकडं तोंड करून बसतेत."

पुढल्या वर्षी माझी बदली सेलूकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. बापू खाटेवर बसले होते. माझा आवाज ऐकून सावरून बसले, टोपी नीट केली, मला अगदी समोर बसायला सांगितलं. "नळकांड्यातून बगितल्यागत दिसतंय आता. तुमचं नाक दिसायलंय बाई, कान न्हाईत." असं म्हणून ते हसले, म्हणून मीही हसले. सुमनबाईचा हात सरळ झाला का, हे त्यांनी विचारलं. मी झाला म्हणाले. नीट झाला नव्हता. सेलूच्या बाजाराच्या, जिनिंगच्या, तिथल्या उन्हाळ्याच्या गोष्टी त्यांनी भरभरून सांगितल्या. चहाचा कप काकूंनी त्यांच्या हातात दिला तेव्हाही बोलणं चालूच ठेवलं. मला वाटलं, बरे आहेत. मनाला जरा आधार वाटला.

मी पाया पडले, "येते बापू" म्हणाले. "जा माय, संबाळून जा," असं म्हणून त्यांनी हात वर केला. मी दारात येऊन चपला घालायला वाकले. एक घातली होती, तेवढ्यात आतून बापूंचा हळू आवाज आला.

"बाई गेल्या का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "गेल्या," त्या म्हणाल्या, आणि मानेनेच मला जायची खूण केली.

बापूंनी डोकं गुडघ्यांत घातलं आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू मोकळं सोडलं. म्हातारा माणूस असा मोठ्याने रडताना मी कधी ऐकला नव्हता. काकू खाटेशी जाऊन बसल्या. मी पायातली चप्पलही काढली, दोन्ही हातात घेतल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरले.