मला पेशंट केलं तेव्हा

कारंज्याला समुपदेशकांचं प्रशिक्षण होतं. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, मजुरांच्या तांड्यांत जाऊन माणसांच्या मनाचं ऐकायचं, असं काम. मी समाजकार्य शिकलेली, वडील नोकरीतून निवृत्त झालेले, घर बौद्ध. हे शेवटचंच शिकवणाऱ्या मॅडमना महत्त्वाचं वाटलं.

मॅडम पुण्याहून आलेल्या. जेवणानंतर त्यांनी जोड्या लावल्या. एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं पेशंट. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पेशंट व्हा. तुम्हाला हे आतून माहीत असेल."

"मॅडम, मी समुपदेशक व्हाले आली."

"अहो, सरावच आहे."

समोर बसवलेला मुलगा शेलूबाजारचा, मोठ्या घरचा. सकाळी आम्ही एकत्र चहा घेतला होता, तेव्हा नीट बोलत होता. आता मान तिरकी करून, आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, तुमच्यावर काय अन्याय झाला, मोकळेपणानं सांगा."

"हाच," मी म्हटलं. "आता होऊन राह्यला."

तो मॅडमकडे बघू लागला. मॅडम खूश झाल्या. "छान. असाच राग असतो यांचा. सगळ्यांनी लक्ष द्या."

मी उठून उभी राहिले. "मी नाटक नाही करून राह्यली, मॅडम."

मॅडमचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "समुपदेशकानं स्वतःला आवरायला शिकलं पाहिजे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या जोडीकडे वळल्या.

परतताना जीपमध्ये कामरगावची मैत्रीण शेजारी होती. ती म्हणाली, "त्यायच्या मनात तसं नव्हतं. तू कायले ताणलं?"

"मंग उद्या तू हो पेशंट."

"मले काय झालं?"

"मले तरी काय झालं होतं?"

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. कामरगावला उतरताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जाहीर केलं, "काही जणांना त्रास होतो, म्हणून जातीचा विषय सरावात घेणार नाही." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या कामासाठी आम्ही जमलो होतो, त्यातूनच जात काढून टाकली आणि ते खापर माझ्यावर फोडलं. मी प्रशिक्षण पूर्ण केलं. दुपारचा डबा एकटीनं खाल्ला.

आता मी हेच काम करते. ऊसतोडीहून परतलेल्या बाया येतात. कोणाला झोप नसते, कोणाचं जेवण सुटलेलं असतं. मी त्यांना अन्याय विचारत नाही. आधी झोपेचं विचारते. त्यांना बाकीचं सांगायचं असलं तर त्या सांगतात.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. नव्या तुकडीसमोर माझी कहाणी सांगायला या, म्हणाल्या.

"शिकवाले येते," मी म्हटलं. "कहाणी सांगाले नाही."

"बघते, कळवते," त्या म्हणाल्या. नवी तुकडी शिकून गेलीसुद्धा. मला कोणी बोलावलं नाही.