शिक्का मारलेली पलटण

ठरवून किस्से गोळा करायला गेलात तर एकही मिळणार नाही. आमच्या वाचनालयात मात्र रविवारी मी मुलांचा विभाग उघडला की ते आपोआप जमतात, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही!

एका सभासदानं मुंबईहून स्टिकरची पुस्तकं पाठवली. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक गणवेशानुसार जागेवर चिकटवायचे आणि इतिहास शिकायचा. आमचे ग्रंथपाल सुर्वेकाका नियमाचे पक्के. वाचनालयाच्या वस्तूवर शिक्का हवाच. त्यांनी एकेका स्टिकरवर मारला! जर्मन, जपानी, इंग्रज, सगळ्यांच्या छातीवर आमचं वाचनालय.

मी विचारलं, "मुलांनो, युद्ध कोणी जिंकलं?"

"वाचनालयानं!"

*

ब्रह्मदेशातल्या पावसाचं पान आलं. पार्थनं शिपायाच्या डोक्यावर पेनानं, शेतकरी पावसात घेतात तसं इरलं काढलं.

"अरे, सैनिक इरलं घेत नाहीत."

"बाई, आमचे आजोबा इरल्याशिवाय लावणीला पन जात नाहीत. हा तर लढायला चाललाय!"

*

काकांचा दुसरा नियम, पुस्तक जसं घेतलं तसं परत. म्हणजे स्टिकर चिकटवायचे आणि जाताना सोलून ठेवायचे! तीन रविवारांत चिकटपणा गेला. मुलांनी डब्यातल्या भाताची शितं लावली. पुढच्या रविवारी बघते तर झुरळांनी दोन्ही बाजूंच्या फौजा कुरतडलेल्या.

काकांनी रजिस्टर काढलं आणि 'नुकसानीचे कारण' या रकान्यात गंभीरपणे लिहिलं, 'युद्ध'.

*

वाचला तो एकच, भारतीय शिपाई. तिसरीतल्या प्रज्ञानं त्याला जाडजूड शब्दकोशात लपवलं होतं.

"तिथंच का गं?"

"तो कोनी उघडतच नाय, बाई!"

मी मराठीची शिक्षिका. शब्दकोशावरची धूळ पुसली.

तिला तो शिपाई घरी हवा होता. तिची पणजी पोटात असतानाच पणजीचे वडील याच लढाईवर गेले, ते आलेच नाहीत. घरात फोटोसुद्धा नाही. पणजीनं ऐंशी ओलांडली तरी बापाचा चेहरा तिला ठाऊक नाही.

"वस्तू बाहेर जाणार नाही. नियम म्हणजे नियम!" काका म्हणाले. पोरगी रडकुंडीला आली. मला काकांचा भयंकर राग आला.

*

पुढच्या रविवारी प्रज्ञा पणजीलाच रिक्षात घालून घेऊन आली! शब्दकोशातून काढलेला शिपाई पणजीनं तळहातावर घेतला. खाकी अर्धी चड्डी, पायाला पट्ट्या, छातीवर आमचा शिक्का. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"माजा बापूस असाच असंल काय गो?"

"असाच," प्रज्ञा म्हणाली.

पणजीनं काकांकडं वळून विचारलं, "ह्याला परत कदी आनून द्यायचा?"

काकांनी चष्मा पुसला. शिपाई पाकिटात घालून पाकीट तिच्या हाती दिलं, आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं. दोघी गेल्यावर मी हळूच डोकावले. 'परतीची तारीख' या रकान्यात काकांचं वळणदार अक्षर होतं:

'शिपाई एक. घरी गेला. परत बोलावू नये.'