खराब आकड्यांचा हंगाम

हरेश्वर गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला. निरोप ऐकून मी दारातच उभा राहिलो. वाईट वाटलंच, पण त्याच्याही आधी एक विचार डोकावून गेला... आता खरं काय ते सांगणारा कोणी उरला नाही. दीड महिना झाला, त्या विचाराची अजून लाज वाटते.

एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास आम्ही एका संशोधन संस्थेत, एकाच खोलीत समोरासमोर काम करायचो. तो अंधेरीकडच्या वेसावे कोळीवाड्यातला, मी मुलुंडचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचे पट्टे तिच्याभोवती आहेत. एका परदेशी उपग्रहाने केलेली त्यांची रोजची मोजणी लांबलचक कागदांवर छापून आमच्याकडे यायची. ती साफ करणं माझं काम. आकडा अचानक फार चढला, की यंत्राची गडबड समजून मी तो लाल पेन्सिलीने खोडायचो, पट्टी लावून, अगदी मन लावून. साहेब माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक करायचे आणि मला ते फार आवडायचं.

एका दुपारी हरेश्वरने तीन वर्षांचे कागद जमिनीवर पसरले आणि चपला काढून त्यांच्यामधून फिरू लागला.

"अरे, इकडे बघ ना. तुझं लाल सगळं मार्च-एप्रिल नि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच आहे. यंत्र काय महिना बघून बिघडतं?"

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"तीन वर्षं? मासळीला हंगाम असतो, तसा ह्यांनापण असणार यार."

आणि होताच. दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास इलेक्ट्रॉन वाढायचे, जून आणि डिसेंबरात घटायचे. शोधनिबंध त्याच्या नावावर छापला गेला, परदेशी परिषदेला तो गेला. निबंधाच्या शेवटी माझे आभार होते, 'आकडे काळजीपूर्वक तपासल्याबद्दल'. ती ओळ वाचून माझा नुसता जळफळाट झाला. तो माझ्यापेक्षा हुशार होता म्हणून नव्हे. तेच कागद आधी माझ्या हाताखालून गेले होते म्हणून. पुढे तो दुसऱ्या विभागात गेला आणि मी लोकांना सांगत सुटलो, "आम्ही दोघांनी शोधलं." त्याच्या कानावर गेलं असणारच. तो कधी काही बोलला नाही, ह्याचाही मला रागच यायचा. शोकसभेतसुद्धा मी 'आम्ही'च म्हणालो.

परवा वेसाव्याला त्याच्या आईला भेटायला गेलो. मावशी नुकतीच बाजारातून आली होती.

"सभेत तू बोललास ते ऐकलं," ती म्हणाली. "ते तुम्ही दोघांनी शोधलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं...

"नाही मावशी, त्याने. मी ते आकडे खोडत होतो."

"ठाऊक आहे मला. सांगायचा ना तो. तू एवढं नेमाने खोडलं नसतंस तर दिसलंच नसतं, म्हणायचा."

मनाच्या मोठेपणातही तो माझ्या पुढेच निघाला. तेव्हाही, त्याच्या आईसमोर, मला त्याचा हेवाच वाटला. खिडकीपाशी त्याचं टेबल होतं, खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल तसाच होता.

"बस ना तिथे," मावशी म्हणाली.

इतकी वर्षं मला त्याचीच जागा हवी होती. मी उभाच राहिलो.