टाकीताई

टाकीताई कुणाच्याही शेडवर गेल्या की आधी बसत नसत, पाणीसुद्धा घेत नसत. पदर खोचून शेडभोवती एक चक्कर मारायच्या आणि विचारायच्या, "टाकी कुठं ठेवाची?" त्यांचं खरं नाव चिखलीत फार थोड्यांना ठाऊक असेल. थंडीत कोंबडीची पिल्लं आणणाऱ्यांना आणि रोपवाटिकावाल्यांना त्या गरम पाण्याची तात्पुरती यंत्रणा भाड्यानं देत. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर चालणारी भट्टी, शेडच्या कडेनं फिरवायचे पाइप आणि या दोन्हींच्या मध्ये ऊब टिकावी म्हणून ग्लासवूल गुंडाळलेली, माणसापेक्षा उंच अशी लोखंडी टाकी. नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो गेल्यावर त्यांनी दुकान विकलं नाही. त्याच दुकानात ही टाकी बनवून घेतली.

देऊळघाटजवळ आमचं नवं शेड उभं राहिलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "ताई, भट्टी आणि पाइप द्या. एवढी मोठी टाकी कशाला?"

ताई हसल्या. त्यांचं हसू रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. "भाऊ, भट्टी पेटली का धडधड जळते. पिल्लाईले गरमी पाह्यजे थोडी थोडी, पण सारखी. या दोघाईचं आपसात जमत नाही, म्हून मधात टाकी लागते. भट्टी तिच्यात ओतते, पिल्लं तिच्यातून घेतात." मग म्हणाल्या, "टाकी नसन न्याची तं भट्टीबी देत नाही."

टाकी आली.

पाइपला त्या नेहमी तळहाताची उलटी बाजू लावून पाहत. पाणी जाताना किती गरम आणि परत येताना किती, एवढंच. थर्मामीटर त्यांच्या पिशवीत असायचा आणि त्या तो वापरायच्याही. पण हात आधी. माझी बायको सुनंदा त्यांच्यामागून फिरायची. ताईंनी तिला कधी शिकवायला म्हणून बसवलं नाही, फक्त "लाव हात" म्हणायच्या.

जानेवारीत पिल्लं आली आणि चौथ्याच दिवशी सकाळी भट्टीच्या पंख्याची मोटर जळली. बाहेर धुकं, अंगावरची चादर काढवत नव्हती. हवा मिळेना, तशी भट्टी धुमसून विझली. मी शेगड्या गोळा करायला धावलो आणि धावता धावताच ताईंना फोन लावला.

"शेगडी आत नेऊ नका भाऊ, धुरानं मरतीन पिल्लं," त्या म्हणाल्या. "पाइपातलं पाणी फिरून राह्यलं का?"

"फिरतंय. पंप इन्व्हर्टरवर आहे."

"टाकी गरम हाय ना? मंग घाबरता काऊन? मी मलकापूरहून मोटर घेऊन येतो. सुनंदाले सांगा, टाकीवर ध्यान ठेव."

सुनंदानं नुसतं ध्यान ठेवलं नाही. तिनं शेडच्या मधोमध ताडपत्रीचा पडदा सोडला, पिल्लं सगळी एका बाजूला घेतली आणि रिकाम्या बाजूच्या पाइपचा कॉक बंद केला. टाकीतलं होतं नव्हतं ते ऊन पाणी आता अर्ध्याच जागेला पुरवायचं होतं. मी दर थोड्या वेळानं आत डोकावत होतो. पिल्लं एकमेकांवर चढली की त्यांना थंडी वाजतेय, असं समजायचं. ती चढली नाहीत. दाणे टिपत, पाणी पीत पसरून फिरत होती.

दुपारी ताई जीपमधून उतरल्या. परतीच्या पाइपला त्यांनी हात लावला. तो कोमट होता. मग पडद्याकडे पाहिलं.

"हे कोणं सांगितलं तुले?"

"कोणी नाही," सुनंदा म्हणाली. "पिल्लं एवढुशी. रिकामी जागा तापवून काय कराचं होतं?"

ताईंनी मोटर बसवली, भट्टी पेटली, टाकीतून निघणारा पाइप पुन्हा चटका देऊ लागला, तेव्हा कुठं त्यांनी चहा मागितला.

पुढे काही वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. मुलीनं अकोल्याला बोलावून घेतलं. तो सगळा सेट आपल्याला मिळावा म्हणून त्यांचा पुतण्या मागे लागला होता. मलाही आतून आशा होतीच. एका दुपारी ट्रॉली आमच्या दारात उभी राहिली. भट्टी, पाइप, टाकी, सगळं तिच्यात. पुढे ड्रायव्हरशेजारी ताई.

"सुनंदा, उतरवून घे. आता हे तुह्यं."

"ताई, मले जमन का?"

"मी विचाराले नाही आली. सांगाले आली."

चिखलीच्या स्टँडवर आम्ही त्यांना एसटीत बसवून दिलं. सुनंदा त्यांची पिशवी नीट लावत राहिली, डोळे कोरडे. त्याच आठवड्यात मिरचीच्या रोपवाटिकेतून काम आलं. ती भाड्याच्या ट्रॉलीत सामान घालून एकटी गेली, मी घरी पिल्लांजवळ राहिलो. दिवसभर तिनं पाइप जोडले, गळती काढली, मालकाशी हुज्जत घातली आणि संध्याकाळी ताठ मानेनं घरात आली.

तेवढ्यात अकोल्याहून फोन आला. तिनं स्पीकर लावला. ताई भट्टीचं विचारतील, पाइपचं विचारतील म्हणून ती उत्तरं तयार ठेवून उभी होती.

"जेवली का वं?" ताईंनी विचारलं.

सुनंदा खाली बसली आणि दिवसभराचं रडली.