हिस्के उल्फर्ट्स यांचे टॉर्फचे शब्द

माहितीदार क्रमांक ४७. नाव : उल्फर्ट्स, हिस्के. लिंग : स्त्री. जन्म : १९३६, हार्म्सफेन, पूर्व फ्रीसलंड. व्यवसाय : गृहिणी, पूर्वी टॉर्फकापणी. मातृभाषा : प्लाट. भाषेचे पुढील पिढीकडे संक्रमण : नाही. कारण : अज्ञात. सहकार्य : उत्तम.

हा तक्ता मीच भरला. आमच्या प्लाट जतन मंडळाचा मी चिटणीस. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते अध्यक्षांनी सांगितलं.

प्लाट म्हणजे उत्तरेच्या सखल मुलखातली जर्मन, असं बाकीचे जर्मन म्हणतात. आम्हाला ते फारसं मान्य नाही. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या डोंगराकडचे लोक व्यंजनं बदलू लागले. 'वाटर'चं त्यांनी 'वास्सर' केलं, 'माकेन'चं 'माखेन'. ही लाट उत्तरेला येता येता दमली. आमच्याकडे वाटर हे वाटरच राहिलं, जसं ते डचांकडे आणि इंग्रजांकडे राहिलं. त्यामुळे हिस्केबाई कालव्यावरच्या डच नावाड्याशी तासभर मनापासून भांडू शकत; म्यूनिकच्या माणसाशी भांडायला दुभाषा लागला असता. पुढे छापखाना, चर्च, शाळा सगळं डोंगराकडच्या बोलीच्या बाजूला गेलं, तीच पुस्तकी जर्मन झाली, आणि प्लाट गोठ्यात उरली. गोठ्यात, आणि टॉर्फच्या खड्ड्यात. टॉर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली जळाऊ माती. तिच्यासाठी पुस्तकी जर्मनमध्ये जेमतेम दोन-चार शब्द आहेत.

१९६६ साली आमच्या शाळेचे मास्तर ओटफ्रीड बेलिंग घरोघर गेले. उल्फर्ट्सांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सांगितलं की पोराशी प्लाट बोलाल तर ते शाळेत मागे पडेल आणि बापासारखं खड्ड्यात उतरेल. सांगितलं अर्थातच प्लाटमध्ये. हिस्केबाईंचा एन्नो तेव्हा चार वर्षांचा होता. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी शाळेत शिकलेल्या मोजक्या जर्मनमध्ये बोलू लागल्या. त्या जर्मनमध्ये त्यांना रागावता येई, जेवायला बोलावता येई, बटणं लाव म्हणता येई. अंगाई येत नव्हती, तेव्हा ती राहिली. पोरगं खोलीत आलं की नवरा-बायको बोलता बोलता थांबत. एन्नो हुशार निघाला, इंजिनियर झाला, श्टुटगार्टला गेला. आई अबोल आहे असं तो बायकोला सांगतो.

मग काळ फिरला. सरकारने प्लाटला संरक्षण दिलं. निवृत्त बेलिंग मास्तर मंडळाचे अध्यक्ष झाले आणि शब्दकोश करायला निघाले. टॉर्फ कापलेली माणसं एकेक करून गेली होती. सगळे शब्द ठाऊक असलेल्या एकट्या हिस्केबाई उरल्या. दोन वर्षं दर बुधवारी आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जात होतो. दूधदुभतं झालं, लग्नकार्यं झाली, शिव्या झाल्या. शिव्यांना तीन बुधवार लागले. टॉर्फ सगळ्यांत शेवटी, सावकाश घ्यायचा ठरला होता. इतकं बोलणं बाईंच्या वाट्याला नवरा गेल्यापासून आलं नव्हतं. बुधवारी त्या ठेवणीतला ब्लाउज घालत.

टॉर्फच्या बुधवाराआधीच्या रविवारी रेडिओवर मास्तरांच्या मुलीची, वीबकेची मुलाखत झाली. ती एन्नोच्याच वर्गातली. अस्खलित प्लाटमध्ये तिने सांगितलं की घरात आम्ही दुसरं काही बोललोच नाही. बाबांचा तसा दंडक होता, अगदी पहिल्यापासून.

बुधवारी हिस्केबाईंनी चहा ओतला. गरम चहाने कपातली खडीसाखर तडकली, वर साय सोडली. त्या जुन्या कार्डिगनमध्ये होत्या.

"वीबके छान बोलली," त्या म्हणाल्या.

मास्तर खूश झाले. "ऐकलंत का? तिचा उच्चार बघा, थेट माझ्या आईचा."

"तुम्ही मला एन्नोबद्दल सांगायला आलात, तेव्हा ती केवढी होती?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "आमची गोष्ट वेगळी होती, उल्फर्ट्सबाई. आमच्या घरात पुस्तकं होती. पोरांची जर्मन बिघडायची भीती नव्हती. तुमच्याकडे… तुमच्या भल्याचंच सांगितलं मी."

"भलं झालं की. पोरगा पूल बांधतो. दर रविवारी फोन करून विचारतो, हवा कशी आहे. मी म्हणते, बरी आहे. तेवढी जर्मन येते मला."

आमच्याकडे पाहुण्याला तीन कप पाजल्याशिवाय उठवत नाहीत. पुरे झालं की पाहुणा स्वतः चमचा कपात ठेवतो. तोवर यजमानीण ओततच राहते. मास्तरांचा पहिलाच कप संपला होता. हिस्केबाईंनी बशीतला चमचा उचलला आणि आपल्या हाताने त्यांच्या कपात ठेवला. असं होताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी टेप सुरू केली.

मास्तरांनी घसा साफ करून विचारलं, वाळवायला एकावर एक रचलेल्या टॉर्फला काय म्हणायचात?

"ढीग," हिस्केबाई पुस्तकी जर्मनमध्ये म्हणाल्या.

"आणि तो उलटून पुन्हा रचला की?"

"दुसरा ढीग."

टेपची उरलेली बाजू अशीच आहे. उच्चार अगदी शुद्ध, शाळेत शिकवले होते तसे.

शब्दकोश दोन वर्षांनी निघाला. टॉर्फकापणीखाली त्यात नऊ शब्द आहेत. सात सीमेपलीकडच्या डचांकडून मागवलेले, दोन 'ढीग'.