नीलम लाभत नाही की सून?

माझे बाबा नागपूरला इतवारीतल्या एका सराफाच्या दुकानामागच्या खोलीत बसून अंगठ्यांमध्ये खडे बसवायचे. शाळेतून आले की मीही त्यांच्याजवळ बसायची, आणि मॅट्रिक होईपर्यंत साध्या अंगठ्या मीच करू लागले होते. गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलं की बाबा त्याला खड्यांच्या जन्माची गोष्ट सांगायचे. देवांनी एका असुराकडे यज्ञासाठी त्याचं शरीरच मागितलं. तो शब्दाचा पक्का, कबूल झाला. मग त्याच्या हाडांचे हिरे झाले, रक्ताचं माणिक झालं, दातांचे मोती आणि डोळ्यांचे नीलम. गिऱ्हाईक हात जोडायचं आणि माझं डोकं फिरायचं. ज्यानं दिलेला शब्द पाळला त्याला मारता, त्याचे डोळे बोटात घालून मिरवता, आणि वर तक्रार करता की तो आपल्याकडे वाकडं पाहतो!

नीलमाची तक्रार तर रोजचीच. तो शनीचा खडा, एकाला राजा करतो आणि दुसऱ्याला रस्त्यावर आणतो, असं सगळेच मानायचे. म्हणून नवा नीलम आधी काही रात्री उशाखाली ठेवून पाहायचा. वाईट स्वप्न पडलं, दूध नासलं, अगदी सायकल पंक्चर झाली तरी लोक तो परत आणून म्हणायचे, "लाभला नाही जी." बाबा मुकाट्यानं ठेवून घ्यायचे. पुढे तोच खडा दुसऱ्या कुणाला तरी छान लाभायचा.

"खडा तर तोच हाये ना?" मी विचारायची.

"माणूस येगळा हाये," बाबा म्हणायचे. मला ते उत्तर तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

सत्तरच्या दशकात माझं लग्न मौद्याला झालं. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. जावयाची साडेसाती चालू होती म्हणून बाबांनी हौसेनं त्याला नीलमाची अंगठी घातली. ती अंगठी आणि मी एकाच दिवशी त्या घरात शिरलो. दिवाळीच्या आत सासरे न्हाणीत घसरून पडले, नणंदेचं जमत आलेलं लग्न फिसकटलं, विहिरीवरची मोटर जळली. सासूबाईंच्या लक्षात आलं की घरात नव्या गोष्टी दोनच आल्या आहेत. त्यांनी आधी अंगठी काढून डब्यात ठेवली. तेवढ्यात म्हैस आटली. झालं, नीलम निर्दोष सुटला. अंगठी पुन्हा नवऱ्याच्या बोटात गेली आणि सासूबाई मला म्हणाल्या, "तू काही दिवस माहेरी जाऊन राय. पाहू, फरक पडते का."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उशाखाली ठेवून पाहिली, आता दुकानात परत! नवरा एस.टी.पर्यंत सोडायला आला. वाटभर तो दुकानात आलेल्या नव्या मालाबद्दल बोलत होता.

नागपूरला शेजारणी विचारायच्या, "काहून वं, इतक्या लवकर आली?" आई म्हणायची, पोरीची तब्येत बरी नाही. मी मुद्दाम मोठ्यानं सांगायची, "तब्येत ठणठणीत हाये. सासरी मी लाभली नाही." आई पदर तोंडाला लावायची. लपवायचं तर सासरच्यांनी लपवावं, मी काहून लपवू? पण खरं सांगते, मी वाट पाहत होते. नवरा मला आवडायचा. कामाच्या निमित्तानं तो नागपुरात यायचा हे मला ठाऊक होतं. एकदा जरी नुसता डोकावला असता तरी मी सगळा अपमान गिळून त्याच्यामागे गेले असते.

तो आला ते थेट उन्हाळ्यात, सासूबाईंना घेऊन. दुकानात मोठी चोरी झाली होती. कुणा ज्योतिषानं सांगितलं होतं की घरची लक्ष्मी बाहेर काढली, त्याचंच हे फळ.

"तूच तर लाभाची होती वं पोरी," सासूबाई माझ्या हातात नवी साडी देत म्हणाल्या. "आमालेच समजलं नाही. चाल आता घरी."

आई लगबगीनं माझी पेटी भरायला उठली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांचं सगळं मिटलं होतं. आणि मला स्वच्छ दिसत होतं की उद्या पुन्हा म्हैस आटली तर मी पुन्हा याच दारात. ते मी सोसलंही असतं, पण एक गोष्ट मला जाणून घ्यायची होती.

मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. "इतक्या महिन्यांत तुमाले माही आठवण आली का?"

"असं इचारते का वं कोणी, चारचौघात?" आई म्हणाली.

"मी इचारून राहिली ना," मी म्हटलं. "त्यायले बोलू दे."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखर आठवून पाहिलं.

"आली ना," तो म्हणाला. "चोरी झाली तवा."

मी साडी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "चहा टाकते. पिऊन जा."