सहा आठवड्यांत बरं वाटेल

१८ फेब्रुवारी. सकाळी हलका गारवा, दहानंतर कडक ऊन. आभाळ स्वच्छ. वारा नाही, त्यामुळे डाळ मिलचा भुसा आज दुकानापर्यंत आला नाही.

लातूरला कोचिंग क्लासच्या गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. अशा दुकानात माणसं येतात फॉर्मसाठी आणि ठेवून जातात गोष्टी. फॉर्म सबमिट होतो, पावती निघते, माणूस जातो. गोष्ट मात्र खुर्चीवर तशीच बसून राहते. माझी शाळा दहावीला सुटली, लिहायची सवय सुटली नाही, म्हणून रोज दुकान बंद करण्याआधी मी त्या गोष्टी वहीत टिपून ठेवते. गेल्या सहा आठवड्यांत वही जरा लवकर भरली.

त्याचं कारण नांदेडहून आलेला एक फोन. फोन मंगलचा. मंगल म्हणजे आमच्या गल्लीतल्या गुरलिंगअप्पांची एकुलती एक मुलगी. अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कापडाचं दुकान होतं, आता बंद. दिवाळीच्या आधी त्यांची बायको गेली. तेव्हापासून ते एक वेळ जेवत होते आणि कुणाशी धड बोलत नव्हते. मंगलला इंटरनेटवर म्हाताऱ्या माणसांसाठी मन आनंदी ठेवण्याचे व्यायाम सापडले होते. मोफत, सहा आठवडे, रोज अर्धा तास, शेवटी पाच प्रश्नांची चाचणी.

मंगल स्पष्ट बोलली. "ताई, शेवटच्या चाचणीत पंचवीसपैकी पंधरा मार्क पडले तर अप्पा राहू देत लातुरात एकटे. नाही पडले तर मी त्यांना नांदेडला घेऊन येणार. भाड्याचं घर आहे, सोडून टाकू."

अप्पांना जायचं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिसरा मजला हाय तिचा. खिडकीतनं बघितलं तर खाली कोण चाललंय ते बी वळखू येत न्हाई."

*

एकटे अप्पा कॉम्प्युटरसमोर बसले असते तर पहिल्याच दिवशी उठून गेले असते. म्हणून आणखी दोघांना घेतलं. एक बशीरचाचा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, रोज माझ्याकडे पेपर वाचायला येतात. दुसऱ्या शकुंतलाकाकू. त्या रेणापूरच्या. शेत, घर, म्हैस सगळं तिकडे. नातीच्या क्लाससाठी माझ्या दुकानावरच्या खोलीत दोन वर्षांपासून स्वयंपाक करून राहिल्या आहेत.

कार्यक्रमात नाव घालायच्या आधी एक चाचणी होती. तुम्हाला उत्साह वाटतो का, मन शांत असतं का, असे पाच प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. मी वाचत गेले, ते सांगत गेले. तिघांनाही पंचवीसपैकी पंचवीस!

स्क्रीनवर हिरवं फूल उमललं आणि खाली आलं की तुमचं मन उत्तम आहे, तुम्हाला या कार्यक्रमाची गरज नाही.

मी अप्पांना म्हटलं, तुम्ही काल दुपारपासून जेवला नाहीत आणि उत्साहाला पाच? उत्तर काकूंनी दिलं. "कुणी कसं काय म्हणून विचारलं की बरं हाय म्हणावं लागतं. परक्याला घरचं रडगाणं सांगतेत व्हय?"

मग मी खालची बारीक ओळ वाचून दाखवली. बारा किंवा त्याहून कमी असेल तरच प्रवेश. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भाव तोडल्यासारखे मार्क उतरवायला सुरुवात केली. झोपेचे दोन कमी करा, उत्साहाचे तीन करा. दुपारपर्यंत तिघांनाही बरोबर बारा बसले. एकही जण अकरावर यायला तयार नव्हता.

*

पहिला व्यायाम दीर्घ श्वासाचा. व्हिडिओत एक बाई अगदी पुणेरी मराठीत सांगत होती की डोळे अलगद मिटा, श्वास आत घ्या, आता रोखून धरा. आणि तिथे नेट गेलं.

स्क्रीनवर गोल फिरत राहिला. चाचांनी दहा मोजून श्वास सोडला आणि खोकायला लागले. काकूंनी तर घेतलाच नव्हता, त्या पदराने नाकावरचा भुसा पुसत होत्या. मी राउटरच्या वायरी हलवत होते. वळून पाहिलं तर अप्पा डोळे मिटून ताठ बसलेले, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या. चाचांनी पाठीवर जोरात थाप मारली तेव्हा कुठे श्वास सुटला.

"सोडा म्हणाली न्हाई ती," अप्पा म्हणाले.

आम्ही हसलो. चाचा म्हणाले, एसटीत असते तर घंटी वाजेपर्यंत गाडी हलवलीच नसती यांनी! अप्पाही थोडे हसले.

अप्पा गेल्यावर काकू जिन्यात थांबल्या. मला हळूच म्हणाल्या, "सुनंदा, ते मुद्दाम तर करायले न्हाईत ना?"

त्या दिवसापासून मी श्वासाचा व्हिडिओ आधी पूर्ण डाउनलोड करून ठेवते.

*

दुसऱ्या आठवड्यापासून रोज दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या.

सोमवारी गल्लीत नळाला पाणी आलं. नऊ दिवसांनी आलं. तिघांच्या तिन्ही गोष्टी एकच. पाणी आलं. जास्त वेळ आलं. गढूळ नव्हतं. कार्यक्रमाने शाबासकी दिली आणि उद्याही अशाच तीन गोष्टी शोधा म्हणून सांगितलं.

मंगळवारी काकूंनी बराच विचार करून लिहायला लावलं, "कालचं पाणी पुरलं." बुधवारी, "अजून पुरतंय." गुरुवारी त्या म्हणाल्या, आजचं ऱ्हाऊ दे.

अप्पांच्या रकान्यात मंगळवारपासून काहीच नव्हतं. रकाना रिकामा राहिला तर मंगलच्या मोबाइलवर लाल खूण जाते. म्हणून चाचा आणि काकू अप्पांसाठी गोष्टी आणायला लागले. अप्पांनी आज चिमण्यांना दाणे टाकले. अप्पांना आज जुनं गिऱ्हाईक भेटलं. अप्पांनी आज दोन वेळा जेवण केलं. मी टाइप करत राहिले. मंगल नांदेडहून मला अंगठा पाठवायची, कधी हसरा चेहरा. एकदा तिने लिहिलं, "ताई, खरंच फरक पडतोय हो."

ते मी अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिला बरं वाटतंय ना? मग लिव्हा."

*

तिसऱ्या आठवड्यात आभाराचं पत्र होतं. आयुष्यात ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहायचं आणि शक्य असेल तर समोर बसून वाचून दाखवायचं.

चाचांनी आपल्या जुन्या कंडक्टरला लिहिलं. अकरा वर्षं दोघांनी एका गाडीवर काढली होती. एकदा घाटात चाचांना चक्कर आली तेव्हा त्या माणसाने शेजारून हँडब्रेक ओढला, आणि डेपोत कुणाला कळू दिलं नाही, म्हणून चाचांची नोकरी वाचली. पत्र दोन पानांचं झालं. चाचांनी लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, अक्षर सुरेख आहे. कंडक्टर आता अर्धापूरला मुलाकडे असतो. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेच्या गाडीने गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते पेपर न उघडता बसले. मग सांगितलं. घरच्यांनी केळी दिली, चहा दिला, बाजेवर नेऊन बसवलं. चाचांनी चष्मा लावून पत्र वाचलं, घाट आला तेव्हा आवाज फुटला. कंडक्टरने शेवटपर्यंत नीट ऐकलं, मान डोलावली. मग चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "वाचून झालं असंल तर पुढं सरका, मागं लई गर्दी हाय."

सुनेने नंतर सांगितलं, तीन वर्षांपासून ते कुणालाच ओळखत नाहीत.

कार्यक्रमाचा प्रश्न होता: पत्र वाचल्यावर समोरच्या व्यक्तीला कसं वाटलं? चाचांनी उत्तर लिहायला लावलं, "ड्युटीवर होता."

*

चौथ्या आठवड्यात दहा वर्षांनंतरचे तुम्ही कसे असाल, त्याचं चित्र मनात आणायचं होतं. छान पार्श्वसंगीत होतं, पाण्याचा खळखळाट वगैरे.

अप्पांनी डोळे मिटले, लगेच उघडले. काय दिसलं, मी विचारलं.

"फोटो," अप्पा म्हणाले. "हार घातलेला."

काकूंनी तोंडाला पदर लावला. चाचा म्हणाले, "तुमचं बरंय, अप्पा. आमच्यात तर फोटो बी लावत न्हाईत." आणि सगळ्यात जास्त वेळ अप्पाच हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसणं कधी थांबलं आणि नुसतं पाणी कधी राहिलं ते आम्हाला नीट कळलं नाही. मी व्हिडिओ बंद केला. काकू वरून भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी घेऊन आल्या. अप्पांनी त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

अर्धी, हे वहीत आहे. कार्यक्रमात मी दोन भाकरी लिहिल्या होत्या.

*

सहा आठवडे संपले आणि काल, १७ तारखेला, शेवटची चाचणी झाली. सकाळी ढग होते, नंतर मोकळं झालं.

मंगल सकाळच्या बसने नांदेडहून आली. त्याआधी दोन दिवस चाचा अप्पांची तयारी करून घेत होते. "पाचही प्रश्नांला तीन-तीन दाबा. पाच त्रिक पंधरा. जास्त दाबू नका, पोरीला शक येईल. लातुरात राहून नापास झालात तर गल्लीचं नाव जाईल." काकूंचं म्हणणं, एखाद्याला चार दाबून ठेवा, एक मार्क हाताशी असलेला बरा. अप्पांनी पाढा म्हणून दाखवला. पाच त्रिक पंधरा.

प्रश्न नेहमी मी वाचायची. काल नेमका प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि दोन मुली हॉलतिकिटासाठी उभ्या होत्या, म्हणून मंगल माझ्या खुर्चीवर बसली. अप्पा शेजारी. चाचा आणि काकू मागे.

मंगलने पहिला प्रश्न वाचला, "गेल्या दोन आठवड्यांत मला उत्साह वाटला." चाचांनी मागून तीन बोटं वर केली. मंगलने खुर्ची अप्पांकडे वळवली आणि स्क्रीनकडे न बघता विचारलं, "अप्पा, वाटतो का तुम्हाला उत्साह?"

"न्हाई, माय," अप्पा म्हणाले.

चाचांची बोटं खाली आली.

"किती लिहू?"

"शून्य."

मन शांत असतं का? शून्य. झोप लागते का? "तुझी आई गेल्यापासून न्हाई लागत. शून्य लिव्ह." उद्याचा दिवस यावा असं वाटतं का? अप्पांनी नुसती मान हलवली. मंगलने शून्य दाबलं.

पाचवा प्रश्न होता, दिवसभरात काही मनासारखं घडतं का. अप्पा मागे वळले. चाचांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, प्रिंटर उघडून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"हितं येऊन बसत होतो तेवढं," ते म्हणाले. "दोन लिव्ह."

मंगलने दोन दाबलं. एकूण पंचवीसपैकी दोन. तिने तिथूनच घरमालकांना फोन केला. दुपारी सव्वातीनच्या बसने दोघं नांदेडला गेले.